वाडा जुना, मग वेळ नवी कशाला?



चातुर्मास संपला की आपल्याकडे समारंभांची रांग लागते. साखरपुडे, लग्नं, डोहाळजेवणं, कुणाच्या लग्नाची पंचवीस वर्षं, कुणाची पन्नास. गेल्या तीन-चार वर्षांत या पत्रिकांवरचा पत्ता बदललेला तुमच्याही लक्षात आला असेल. आधी तिथे मंगल कार्यालय असायचं, धर्मशाळेचं सभागृह असायचं, नाहीतर सरळ 'राहत्या घरी' असं लिहिलेलं असायचं. आता तिथे वाडा असतो. कुणा सरदाराचा, कुणा सावकाराचा, आता हॉटेल झालेला वाडा. आणि पत्त्याखाली वेळ असते, रात्री आठ ते साडेदहा.

पत्त्याला माझी हरकत नाही. वेळेला आहे, आणि ती मी आज मोकळेपणाने मांडणार आहे. राग आला तर या घरी, चहा घेऊ. सूर्यास्ताच्या आत या म्हणजे झालं.

आधी वाड्यांबद्दल दोन चांगले शब्द. चामोर्शीत असलं काही नाही. इथे पाहुण्याला जुनं काही दाखवायचं म्हणजे मार्कंड्याचं देऊळ आणि तिथे उत्तरेकडे वळलेली वैनगंगा. पण आपली अर्धी सोयरीक नागपूर-पुण्याकडे, त्यामुळे असल्या जागा बघणं होतं. सासवडजवळचा जाधवगड तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली ती गढी. कामतांनी तिचं हॉटेल केलं आणि आवारात 'आई' नावाचं जुन्या वस्तूंचं संग्रहालयही ठेवलं. गोव्यात केप्याला कुशावती नदीकाठी तिथल्या चर्चच्या डीनने १७८७ च्या सुमारास बांधलेलं मोठं घर आहे. नव्या मालकांनी ते खपून दुरुस्त केलं, आणि आधी कळवलं तर तिथे जेवणही मिळतं. या जागांची कुणी काळजी घेतली नसती तर आज तिथे वडाची मुळं भिंतीत घुसलेली दिसली असती. तेव्हा जुनी घरं जेवणाच्या पैशावर उभी राहत असतील तर राहोत. दगडी पायऱ्या, सागवानी खांब, उंच छत बघून माझाही जीव सुखावतो.

थोडं हसूही येतं, ते सांगायला हवं. दारात तांब्याचं मोठं घंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. सगळ्या जणी त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढतात. अगं, ते आंघोळीचं घंगाळ आहे! आजेसासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पाहुण्यांना आत घ्यायच्या आधी आंघोळ घालता काय? भिंतीवर टांगलेलं सूप, कोपऱ्यात जातं, त्यावर मेणबत्ती.

आता मुद्दा. तिथे बसल्यावर पहिला प्रश्न येतो, "जैन ना मॅडम? जैन मिळेल." आणि आपल्याला इतकं बरं वाटतं की पुढे काही विचारायचं सुचत नाही. त्या कार्डावरच्या 'जैन' शब्दाचा अर्थ एवढाच की कांदा नाही, लसूण नाही, आणि नशीब असेल तर बटाटा नाही. एका कार्डावर मी 'जैन बैंगन भरता' वाचला आहे. दुसऱ्या ठिकाणी कच्च्या दह्यात बुडवलेले उडदाचे वडे 'जैन' म्हणून समोर आले. द्विदल म्हणजे काय हे त्या पोराला माहीत असायचं कारण नाही, पण पंगतीतल्या अकरा बायकांपैकी नऊ जणींना माहीत होतं आणि सगळ्यांनी वडे उचलले. गोडाच्या पदार्थावर मधाची धार, आणि पाकिटावर हिरवा ठिपका असला की आपण निर्धास्त. सरकारी नियमात मध शाकाहारातच मोजतात, हिरवा ठिपका मधालाही चालतो. 'जैन' नावाचा ठिपका कायद्यात नाहीच. म्हणजे कार्डावरचा तो शब्द हॉटेलने स्वतःच लिहिलेला, आणि त्याचा अर्थही त्यांनीच ठरवलेला.

मद्य, मांस आणि मधु हे तीन मकार सोडल्याशिवाय श्रावकाचे मूलगुणच सुरू होत नाहीत, हे आपण पाठशाळेत शिकलो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हे तीन आणि पाच अणुव्रतं मिळून आठ मूलगुण होतात. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात तीन मकारांबरोबर पाच उदुंबर फळं येतात. मोजणी वेगळी, पण तीन मकार दोन्हीकडे सारखे. आणि वाड्यातल्या त्या कार्डावर हे तिन्ही एकाच पानावर छापलेले असतात, कडेला आपलं 'जैन मिळेल'.

तरी ताटात काय आहे हा माझा मोठा आक्षेप नाही. ताटातलं सांगून बदलता येतं. घड्याळाचं तसं होत नाही, कारण त्या जागेचा सगळा थाटच रात्रीवर उभा आहे. दिवसा त्या वाड्यात ऊन येतं, भिंतीचे पोपडे दिसतात, फोटोत ती जादू उतरत नाही. म्हणून साडेसातशिवाय रात्रीचं जेवण सुरू होत नाही आणि साडेआठशिवाय पहिलं ताट येत नाही. डिसेंबरात चामोर्शीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पुण्याला आपल्यानंतर जवळपास अर्ध्या तासाने. दोन घडी आधी हात धुणारी बाई असेल तर तिचं जेवण इथे पावणेपाचलाच आटोपलेलं असतं.

यावर तरुण मंडळींचं ठरलेलं उत्तर आहे. तेव्हा दिवे नव्हते, आता लाईट आहे, किडामुंगी दिसते, मग कशाला? हा प्रश्न त्यांना फार नवा वाटतो. दहाव्या शतकातल्या अमृतचंद्राचार्यांनी तो घेऊन ठेवला आहे. सूर्याच्या उजेडाशिवाय जेवणाऱ्याने दिवा लावला तरी अन्नावर येणारे सूक्ष्म जीव तो कसे टाळणार, असं त्यांनी विचारलं. आपल्या जंगलपट्टीतल्या बाईला हे पोथीतून शिकायची गरज नाही. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाईटवर अशी तुटून पडते की आपण घरातले दिवेच बंद करून बसतो. सकाळी केरसुणीने पंख गोळा करायचे, सूपभर. लाईटने जीव कमी होतात की वाढतात ते आम्हाला विचारा.

आणि समजा लाईटचा मुद्दा मान्य केला. मग तुमच्या त्या वाड्यात लाईट असतो का? मुद्दाम मंद केलेला असतो. दोन मेणबत्त्या, एक कंदील. समोरच्या वाटीत वरण आहे की आमटी हे चमचा तोंडात गेल्यावर कळतं. कार्ड वाचायला मोबाईलचा दिवा लावावा लागतो. उजेड आहे म्हणून रात्री जेवा म्हणायचं, आणि जेवायला अंधाराचे पैसे मोजायचे!

मागच्या हिवाळ्यात आमच्या काकेसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. पोरांनी हौसेने एका जुन्या वाड्यातल्या हॉटेलात जेवण ठेवलं. गावाचं आणि हॉटेलचं नाव लिहीत नाही. वेळ रात्री आठची. आमच्या काकू गेली चाळीस वर्षं चौविहार करतात. आजारपणातही सोडला नाही. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. त्या दिवशी सव्वापाचला त्यांनी खोलीत बसून डब्यातली मुगाची खिचडी खाल्ली, पाणी पिऊन हात जोडले. मग पैठणी नेसून, हार घालून, साडेआठपासून अकरापर्यंत मधल्या खुर्चीवर बसल्या. समोर रिकामं ताट. वाढणारा मुलगा चार वेळा विचारून गेला, "आजी, सूप तरी?" पाचव्यांदा त्याने कापलेल्या फळांची बशी आणून ठेवली, बिचारा चांगल्या मनाने. काकू हसून नको म्हणत राहिल्या. शेवटी शेवटी त्या ताटावर हात ठेवूनच बसल्या, म्हणजे कुणी विचारायला नको. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. आणि आमच्यातलीच एक सून मला हळूच म्हणाली, "एक दिवस सोडलं असतं तर काय झालं असतं? सगळ्यांना कसं अवघडल्यासारखं होतंय."

सख्यांनो, हे वाक्य मला त्या बिलापेक्षा महाग वाटलं. पन्नास वर्षं जिने त्या घराला जेवू घातलं, तिच्याच जेवणात तिला ताट नव्हतं. आणि अवघडल्यासारखं झालं ते तिच्यामुळे, असं तिथे ठरलं. दोष आठ वाजताची वेळ ठरवणाऱ्यांचा. ती वेळ हॉटेलने लादली नव्हती. दुपारी जेवण मिळेल का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेर जेवायची हौस आपण बायकांनी का करू नये, हा प्रश्न तुम्ही मला विचाराल, आणि तो खरा प्रश्न आहे. जाऊबाई मला म्हणाल्या, "तू धर्माचं बोलतेस, मला एक दिवस ओट्यापासून सुटका हवी. कुणीतरी मला वाढावं, ताट उचलून न्यावं, मी नुसतं बसावं." यात एक अक्षर चुकीचं नाही. आमच्याकडे दहा माणसांचा स्वयंपाक, पर्युषणात कुणाचा उपवास, कुणाचं एकासन, कुणाचं पारणं, आणि सगळ्यांचं वेगळं ताट. हे करणारी बाई थकते. मीही थकते.

पण जरा मागे बघा. सूर्य मावळला की चूल बंद, ही आपल्या आज्या-पणज्यांच्या दिवसातली एकमेव सुट्टी होती. दुसरी कुठली होती? पहाटे पाणी गाळणं, गाळण्यातली जीवाणी पुन्हा विहिरीत सोडणं, दळण, निवडण, लाकूड झाडून चुलीत घालणं. पण दिवेलागणीला चुलीवर पाणी मारलं की कुणी सासरा, कुणी दीर, कुणी अवेळी आलेला पाहुणा तिला पुन्हा उठवू शकत नव्हता. कारण नियम तिचा नव्हता, धर्माचा होता, आणि धर्मापुढे सासऱ्याचंही चालत नसे. मग सामायिक, प्रतिक्रमण, नाहीतर नुसतं ओसरीवर बसणं. मी त्या काळाला फार गोड करून सांगत नाही. बायका शेवटी जेवायच्या, धुराने डोळे जायचे. पण संध्याकाळ त्यांची होती. आज आपल्याकडे गॅस आहे, मिक्सर आहे, आणि रात्री साडेदहाला पोरगा म्हणतो, आई, भूक लागली, काहीतरी कर ना. आपण उठतो. सुटका हवी म्हणून रात्री साडेआठच्या जेवणाला जाणारी बाई, आपल्याच हक्काची सुटका आपल्याच हाताने संपवते आहे, हे जाऊबाईंना मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर दोन दिवस त्यांनी सातला ओटा पुसून दिवा घालवला, हेही सांगून टाकते.

जुन्या घरात जेवण्याची ही हौस आपल्यापुरतीच आहे असंही नाही. माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असते. तिकडे दक्षिणेकडच्या राज्यांत जुन्या घरांमधल्या खानावळींचं मोठं कौतुक. त्यांना टॅव्हर्न म्हणतात. शार्लट्सव्हिलजवळची मिची टॅव्हर्न १७८४ ची. १९२७ मध्ये ती अख्खी इमारत सुटी करून मैलोगणती लांब, आताच्या जागी आणून उभी केली. वाढणाऱ्या बायका त्या काळच्या पोशाखात असतात. दक्षिणेचा पाहुणचार असा त्यांचा शब्दच आहे. भाचीने मला आधीच सांगून ठेवलं आहे, मावशी, तिकडच्या जुन्या पद्धतीच्या जेवणात नुसती भाजी म्हणून काही मागवू नकोस, कारण शेंगा आणि पालेभाजी डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवायची ही त्या भागाची रीतच आहे. हिरवं दिसलं म्हणून आपलं होत नाही.

त्याच टॅव्हर्नपासून अगदी जवळ अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष जेफरसन यांचं मॉंटिसेलो हे घर आहे. तिथल्या जेवणाची ख्याती देशभर होती. ते शिजवणारा जेम्स हेमिंग्ज हा जेफरसन यांचा गुलाम होता. १७८४ मध्ये त्यांनी त्याला पॅरिसला नेलं, फ्रेंच स्वयंपाक शिकवला. भावाला तो स्वयंपाक शिकवून तयार केल्यावरच, १७९६ मध्ये, त्याला मोकळीक मिळाली. जाण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी लिहिली. ती यादी अजून जपलेली आहे. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा भिंतीवर टांगलेली आपली सुपं आठवली. जुन्या घराचं कौतुक करताना भिंती आणि भांडी दाखवणं सोपं असतं. त्या भांड्यांमागचं माणूस कसं जगलं, ते सांगितलं की पाहुण्यांच्या घशात घास अडकतो. मॉंटिसेलोत आता ते सांगतात, हे त्यांचं कौतुक. आपल्या वाड्यांमध्ये कोण सांगतं? जात्यावर मेणबत्ती लावलेली आहे. ते जातं पहाटे चारला ओढणाऱ्या बाईचा दिवस केव्हा संपायचा, हे कार्डावर कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणूनच मला 'हेरिटेज डिनर' हा शब्द आपल्या पत्रिकेवर खटकतो. दगड दुसऱ्याचे, भांडी दुसऱ्याची, आणि जो खरा आपल्या घरातून आलेला वारसा, तो तेवढा दाराबाहेर. आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी जुना वाडा होता? आमच्याकडे कुडाच्या भिंती आणि कौलं होती. पण दिवस मावळायच्या आत ताट आवरणं होतं, आणि ते सोबत घेऊन आमच्या आधीच्या पिढ्या व्यापारासाठी या रानात येऊन राहिल्या.

काहीजणी म्हणतील, ज्यांना नियम नाही त्यांनी काय करावं? जेवावं. मी कुणाच्या ताटाची मोजणी करायला बसलेली नाही, आणि नियम घेणं-न घेणं ज्याच्या त्याच्या भावावर. पण समारंभ सगळ्यांचा असतो. नियम नसलेला माणूस दुपारी एक वाजता जेवू शकतो. नियम असलेला रात्री साडेआठला जेवू शकत नाही. मग कुणी कुणासाठी सरकायचं, यात अवघड काय आहे? भांदकला भद्रावतीच्या तीर्थावर आपण जातो, तिथे श्रीमंत-गरीब सगळे एकाच वेळेला एकाच पंगतीत जेवतात, स्टीलच्या ताटात. तिथे कुणी म्हातारी ताटावर हात ठेवून बसलेली मी पाहिली नाही.

आणि हॉटेलवाले ऐकतात, असा माझा अनुभव आहे. फक्त आधी बोलायला लागतं, आणि ते बोलणं यजमान बाईने करायला लागतं, कारण पुरुषमंडळी 'जैन मिळेल ना?' एवढं विचारून फोन ठेवतात. येत्या माघात नणंदेच्या मुलीचा साखरपुडा नागपूरला एका जुन्या वाड्यातच आहे. मुलीची हौस, मी मोडली नाही. वेळ मात्र सकाळी साडेदहाची ठरवली, पंगत साडेअकराला, आणि चार वाजता निघताना प्रत्येकाला पुन्हा खाऊ, म्हणजे चौविहारवाल्यांची संध्याकाळ सुटली. दिवसा त्यांच्याकडे गर्दी नसते, त्यामुळे भाडंही कमी सांगितलं. वांगं नाही, मध नाही, दह्यात कडधान्य नाही, तवे-कढया वेगळ्या, हे मी कागदावर लिहून दिलं. मॅनेजरने एकच विचारलं, "मॅडम, मग मेणबत्त्या लावायच्या की नाही?" मी म्हटलं, खिडक्या उघडा. पाणी गाळायचं दुपदरी कापड मी घरून नेणार आहे. काकूंना पहिलं ताट वाढायचं, हे जाऊबाईंनी आपल्याकडे घेतलं आहे.